स्टिकरवरचा योशिमुरा

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे बघा" कमी केलेत.

आजचा विषय एका मेसेजमधून निघाला. प्रश्न असा: "दादा, स्पोर्ट बाईक आहे, अजून फास्ट करायचीय, पण रस्त्यात बंद पडायला नको. इंजिनमध्ये आधी काय टाकू? सायलेन्सर घेऊन ठेवलाय." त्या सायलेन्सरचा फोटोही होता आणि त्यावर नाव होतं: योशिमुरा. आता हे नाव तुम्ही शंभर वेळा पाहिलंय. पुण्यात, नाशकात, कुठल्याही तालुक्याच्या ऍक्सेसरीजच्या दुकानात हे स्टिकर मिळतं. बहुतेक वेळा त्याच्या आतला पाइप जपानहून आलेला नसतो, शेजारच्या गल्लीतून आलेला असतो. मग एक दिवस पोलीस असे जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडतात, त्यावर रोड रोलर फिरवतात आणि त्याचा व्हिडिओ आपण सगळे बघतो.

पण हा योशिमुरा होता कोण? त्याची गोष्ट सांगितली की मेसेजमधल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप येतं, असं मला वाटतं. कारण "फास्ट पण टिकाऊ" हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला, आणि तो सोडवताना भरपूर इंजिनं फोडली.

हिदेओ योशिमुरा. जन्म 1922, जपानच्या दक्षिणेकडचं फुकुओका. महायुद्धाच्या काळात नौदलात वैमानिक व्हायला गेले. पॅराशूटच्या अपघातात जखमी झाले, ते स्वप्न तिथेच संपलं. मग विमानात फ्लाइट इंजिनिअर झाले. इथे थोडं थांबा, कारण हे महत्त्वाचं आहे. मोटरसायकलचं इंजिन बंद पडलं तर आपण गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेतो. विमानाचं इंजिन बंद पडलं तर ढकलायला जागा नसते. या शाळेत शिकलेला माणूस ताकदीचा विचार करताना "किती वेळ" हा प्रश्न कधी सोडत नाही.

युद्ध संपलं. अमेरिकन सैन्य जपानमध्ये होतं, तळावरच्या पोरांकडे मोटरसायकली होत्या, आणि विमानांच्या धावपट्टीवर त्या रेस करायच्या. 1954 मध्ये योशिमुरांनी फुकुओकात दुकान टाकलं. ही पोरं गाड्या घेऊन त्यांच्याकडे यायला लागली आणि त्यांनीच त्यांना "पॉप्स" नाव दिलं. पॉप्स म्हणजे आपल्याकडचं "बाबा", "अण्णा" असलं काहीतरी. पैसा नव्हता, यंत्रं नव्हती. कंपनीच्याच कॅमशाफ्टवर वेल्डिंगने धातू चढवायचा, मग तो हाताने घासून हवा तो आकार आणायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जन्माला आले असते तर हा माणूस तिथे कुणाला वेगळा वाटला नसता.

कॅम घासून होतं काय? इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जळणार, तितकी ताकद. व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे कॅम ठरवतो. जास्त वेळ उघडा ठेवला की वरच्या आरपीएमला इंजिन मस्त श्वास घेतं, पण खालच्या आरपीएमला मरगळतं. म्हणजे ताकद नुसती वाढत नाही, ती वर सरकते. आणि ती मिळवायला इंजिन जास्त फिरवावं लागतं. खरी किंमत तिथे सुरू होते.

एक हिशोब सांगतो. सुझुकीचं जीएस 1000 हे इंजिन आपल्या गोष्टीत पुढे येणारच आहे. चार सिलिंडर, 997 सीसी, पिस्टनचा व्यास 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 64.8 मिलिमीटर. 9000 आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला 150 वेळा वर जाऊन खाली येतो. म्हणजे सेकंदाला 300 वेळा पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. सरासरी वेग धरला तर ताशी 70 किलोमीटर, आणि तोही साडेसहा सेंटिमीटरच्या खोलीत! हे सगळं ओढून धरतो कनेक्टिंग रॉड. आता कॅम बदलला आणि इंजिन 10500 पर्यंत न्यायला लागलो. आरपीएम वाढले साधारण 17 टक्के. रॉडवरचा ताण मात्र वाढला 36 टक्के, कारण तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यातही सगळ्यात वाईट क्षण स्फोटाचा नसतो. धूर बाहेर टाकून पिस्टन वर टोकाला पोचतो तेव्हा समोरून दाबणारा गॅस नसतो, आणि पिस्टनचा पूर्ण झटका एकटा रॉड सोसतो. त्याचवेळी व्हॉल्व्हची स्प्रिंग जुनीच असेल तर ती कॅमच्या मागे धावू शकत नाही, व्हॉल्व्ह हवेत तरंगतो आणि पिस्टनला भेटतो. त्या भेटीनंतरचं बिल मी पाहिलंय, इथे आकडा सांगत नाही.

म्हणून आपला मेसेजवाला मित्र विचारतो "काय टाकू", तेव्हा मला विचारावंसं वाटतं, "काय तुटणार आहे ते माहितीये का?"

होंडासारख्या कंपनीलासुद्धा हे रेसवरच कळलं. 1969 मध्ये होंडाने सीबी 750 आणली. 736 सीसी, चार सिलिंडर, कंपनीच्या आकड्यानुसार 67 हॉर्सपॉवर. त्या काळात ही गाडी म्हणजे चमत्कार. 1970 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोनाच्या 200 मैलांच्या शर्यतीत होंडाने तिच्या चार रेसिंग गाड्या उतरवल्या. डेटोनाचा ट्रॅक म्हणजे भिंतीसारखी तिरकी वळणं, थ्रॉटल सोडायचाच नाही. पिस्टन ठीक, क्रँक ठीक. गडबड कुठे निघाली तर कॅमची चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या रबरात! त्याचे तुकडे पडून तेलात जायला लागले. चारपैकी तीन गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. चौथीवर डिक मान होता. त्याने गाडी अक्षरशः आजारी माणसासारखी जपत नेली, शेवटी इंजिनचे हाल झालेले होते, तरी जिंकला. होंडाची जाहिरात झाली ती जिंकण्याची. मला यातलं रबर जास्त मोलाचं वाटतं. ताकद वाढवली एका जागी, तुटलं दुसरीकडेच.

पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, पॉप्सचं इंजिन डेटोनात उतरलं. तीच सीबी 750, चालवणारा गॅरी फिशर. सुरुवातीला चक्क आघाडीवर! जपानमधल्या एका छोट्या गॅरेजचं इंजिन जगातल्या मोठ्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे. आणि मग इंजिन गेलं. शर्यत पुरी झाली नाही. वेगात कुणाच्या मागे नाही हे सिद्ध झालं, टिकण्याचं बाकी राहिलं. खरं तर टिकण्याची परीक्षा त्यांनी आधी एकदा दिली होती. 1964 मध्ये सुझुकाच्या 18 तासांच्या शर्यतीत त्यांनी तयार केलेली होंडा सीबी 77 जिंकली होती, पण ते इंजिन होतं 305 सीसीचं. मोठी ताकद आली की जुने हिशोब चालत नाहीत.

त्याच 1971 मध्ये ती गोष्ट झाली ज्यामुळे हे नाव आज तुमच्या गल्लीत पोचलंय. तोवर चार सिलिंडरच्या गाडीला चार पाइप असायचे. पॉप्सनी चारही पाइप एकत्र आणून एकच शेपूट काढलं. वजन कमी झालं, वळणात गाडी जास्त झुकवता यायला लागली. आणि त्यात एक गंमत आहे. धूर पाइपातून नुसता वाहत नाही, धक्क्यांनी जातो. पाइप जिथे एकत्र येतात तिथून प्रत्येक धक्क्याची एक उलटी, कमी दाबाची लाट परत इंजिनकडे येते. पाइपची लांबी नेमकी असेल तर ही लाट व्हॉल्व्ह उघडा असतानाच पोचते, उरलेला धूर ओढून काढते आणि ताजी हवा आत खेचायला मदत करते. लांबी चुकली तर तीच लाट चुकीच्या वेळी येते आणि इंजिन गुदमरतं. म्हणजे पाइप हा कॅमचा जोडीदार आहे. सुटा विकत घेण्याची वस्तू नाही. बाजारात मिळणाऱ्या नकली पाइपमध्ये ही लांबी कोण मोजतं? आवाज वाढतो आणि आवाजाने गाडी फास्ट झाल्यासारखी वाटते. स्टॉपवॉच लावा, कळेल.

पुढे पॉप्स अमेरिकेत गेले. तिथे उभी केलेली पहिली कंपनी भागीदारीच्या भानगडीत हातातून गेली आणि पन्नाशीच्या माणसाला पुन्हा सुरुवात करावी लागली. हे लवकर सांगून टाकतो, कारण मला 1973 च्या मार्चकडे जायचंय. पुन्हा डेटोना, पण यावेळी शर्यत नाही, विक्रमांचा कार्यक्रम. कावासाकीने नवी झेड 1 आणली होती, 903 सीसी. पॉप्सनी तयार केलेल्या झेड 1 वर इव्हॉन दुहामेलने एका लॅपची सरासरी काढली ताशी 160.288 मैल, म्हणजे जवळपास 258 किलोमीटर. आणि त्याच ट्रॅकवर दुसरी झेड 1, जवळजवळ शोरूममधून काढलेली, 24 तास चालवली. तिची सरासरी होती ताशी साधारण 109.6 मैल, म्हणजे 176 किलोमीटर. दिवसभर, रात्रभर.

एकच मॉडेल, एकच ट्रॅक, दोन इंजिनं. एकाला विचारलेला प्रश्न होता "एका लॅपमध्ये किती?", दुसऱ्याला "उद्या याच वेळेपर्यंत?" पहिल्या इंजिनने 24 तास मागितले असते तर दिले नसते, दुसऱ्याने 258 दिले नसते. यात कुठलंही इंजिन कमी नाही. पण तुमच्या माझ्या गाडीला रोज हे दोन्ही प्रश्न एकदम विचारले जातात. एक्स्प्रेसला लागून असलेल्या सर्व्हिस रोडवर पहिला, आणि सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना दुसरा.

पॉप्सना दोन्ही एकत्र जुळवण्याची संधी मिळाली सुझुकीमुळे. सुझुकी तोवर टू-स्ट्रोकवाली कंपनी. 1976 च्या शेवटी त्यांनी जीएस 750 आणली, चार सिलिंडरची फोर-स्ट्रोक. नवख्या माणसासारखं त्यांनी सगळंच जरा जास्त मजबूत केलं होतं. क्रँकशाफ्टला रोलर बेअरिंग, खाली सगळं दणकट. ट्यूनरला अजून काय हवं? ताकद बाहेरून घालता येते, पाया घालता येत नाही. पॉप्सनी सिलिंडरचा बोअर 65 मिलिमीटरवरून 73 वर नेला, 748 सीसीचं इंजिन 944 सीसीचं झालं. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर स्टीव्ह मॅक्लॉफलिनने त्यावर सुपरबाईक शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी जीएस 1000 आली आणि डेटोनातही तोच जिंकला.

बोअर वाढवण्याचा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, का ते सांगतो. सीसी वाढवली की तीच ताकद कमी आरपीएमला मिळते. आपण मघाशी पाहिलं की ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. म्हणजे आरपीएम वाचवले तर रॉड वाचतो. फुकट मात्र काहीच नाही: सिलिंडरची भिंत पातळ होते, दोन सिलिंडरमधली जागा घटते, उष्णता साठते, मोठा पिस्टन वजनदारही असतो. म्हणून मग ऑइल कूलर लागतो, तेलाकडे लक्ष लागतं. शिवाय या इंजिनांचा क्रँक एकसंध नव्हता, तुकडे दाबून जोडलेला होता. जास्त ताकदीने तो जोडावर पिळला जायचा, म्हणून रेसवाले जोड वेल्ड करून घ्यायचे. बघा, हॉर्सपॉवर वाढली तिच्या मागे किती कामं आली, आणि त्यातली बरीचशी कामं स्वतः एकही हॉर्सपॉवर देत नाहीत! ट्यूनिंगचा निम्मा खर्च असाच जातो, आणि दुकानात याचं स्टिकर मिळत नाही.

आता मेसेजवाल्या मित्राकडे येतो. भावा, तुझी गाडी आजची आहे, फ्युएल इंजेक्शनची. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललास की हवा वाढते, पण पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू ठरवतो आणि त्याला तुझा नवा पाइप ठाऊक नसतो. मिश्रण पातळ झालं तर इंजिन तापतं. त्यावर कुणी हेड घासून कॉम्प्रेशन वाढवून दिलं, तर पंपावरच्या साध्या पेट्रोलवर खडखड सुरू होते. तो आवाज ऐकून "गाडी बोलते" म्हणणारे मिस्त्री आहेत. ती बोलत नाही, ओरडते. तर माझं मत असं: आधी कॉम्प्रेशन मोजून घे, व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपास, क्लच प्लेट सरकतायत का बघ. बऱ्याच गाड्या "स्लो" असतात त्या एवढ्यानेच, हरवलेली ताकद परत मिळते. घाटात पिकअप हवाय? मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात मोठं लाव. टॉप स्पीड थोडा जाईल, पण इंजिनला हात लागणार नाही. सीसी आणि कॅम हे ट्रॅकसाठी ठेव. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करायला मनाई करतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच आधी बघते. आणि काही केलंसच, तर ब्रेक आणि टायर इंजिनच्या आधी. पॉप्सच्या गाडीला डेटोनात समोरून म्हैस येत नव्हती.

राहता राहिलं सुझुका. 30 जुलै 1978, पहिली सुझुका 8 तासांची शर्यत. सुझुका सर्किट होंडाने बांधलेलं, होंडाच्या घरचं अंगण. होंडाची आरसीबी ही गाडी तेव्हा युरोपातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींवर राज्य करत होती. 1976 आणि 1977 ची विजेतेपदं तिचीच. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, फॅक्टरीचे इंजिनिअर, युरोपातून आणलेले नावाजलेले रायडर. समोर पॉप्सचं कुटुंबाचं गॅरेज आणि सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असलेली जीएस 1000, मुळात रस्त्यावर विकली जाणारी गाडी. रायडर दोन अमेरिकन, वेस कूली आणि माइक बाल्डविन. त्यांची सवय अमेरिकेतल्या छोट्या शर्यतींची, तासाभराच्या आत संपणाऱ्या. हवेवर थंड होणारं इंजिन आणि जुलैमधलं जपान, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या कोकणासारखी घामट हवा.

आठ तासांत 194 लॅप. एक लॅप साधारण सहा किलोमीटरचा, म्हणजे एकूण साडेअकराशे किलोमीटरच्या वर. पुणे ते कोल्हापूर पाच वेळा, सरासरी ताशी 145 ने, आणि वळणं धरून. होंडाच्या आरसीबी शेवटपर्यंत पोचल्या नाहीत. जीएस 1000 पोचली, आणि पहिली पोचली.

तिसरं कोण आलं ते सांगायलाच हवं. पॉप्सचे जावई मामोरू मोरिवाकी, सासऱ्याच्या हाताखाली शिकलेले, पुढे स्वतःचं गॅरेज काढलेलं. त्यांनी त्या दिवशी झेड 1 उतरवली होती, टोनी हॅटन आणि ग्रॅम क्रॉस्बी यांच्या हाती. फॅक्टरीच्या फौजेला मागे टाकून पहिला सासरा आणि तिसरा जावई!

होंडा अर्थातच गप्प बसली नाही. 1979 ची शर्यत होंडाने जिंकली, सीबी 900 वर. चालवणाऱ्यांमध्ये होता टोनी हॅटन, तोच. 1980 मध्ये पॉप्सनी पुन्हा जीएस 1000 उतरवली. वेस कूली होताच, जोडीला यावेळी जावयाकडचा क्रॉस्बी. पुन्हा पहिला नंबर. लॅप मोजले तेव्हा पूर्ण 200 भरले.